जेवणं उरकल्यावरचे निखारे

बेळगावच्या अनगोळहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘बेंगळुरूहून लेक-जावई येणार आहेत. जावयांनी कोळशाचा बार्बेक्यू घेतलाय. आखाड संपायच्या आत घरच्या आठ जणांनी मिळून चिकन भाजायचं ठरलंय. पाऊस काही उघडीप देत नाही, म्हणून मागच्या दारच्या पत्र्याच्या शेडला बाजूंनी ताडपत्री बांधून आत करायचं चाललंय. मागच्या खेपेला कोळसा पेटेना म्हणून मुलाने वरून सॅनिटायझर ओतला नि मोठा भडका उडाला, नशिबाने कुणाला लागलं नाही. बार्बेक्यूची जाळी लहान पडते. कोंबड्यांच्या खुराड्याला आणलेली नवी जाळी घरात आहे, ती कापून घातली तर चालेल का? चिकन बाहेरून करपतं नि आतून कच्चं राहतं, ते कशानं? आणि सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, त्यांना हा गारठा सोसत नाही. जेवणं झाल्यावर उरलेले निखारे शेगडीत घालून त्यांच्या खोलीत ठेवावेत, म्हणजे कोळसाही वाया जाणार नाही, असं मनात आहे.’

ताई, नमस्कार.

तुम्ही सासूबाईंचा विषय सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलात. आम्ही सुरुवात तिथूनच करतो, कारण पत्रातल्या सगळ्या गोष्टींत जिवावर बेतणारी गोष्ट ती आहे. ते निखारे खोलीत नेऊ नका. शेगडीत घालून नको, खिडकी उघडी ठेवून नको आणि दहाच मिनिटं म्हणूनही नको.

जळत्या कोळशाच्या थरात वर हवा कमी पोचते, तिथे कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योत नाचताना दिसते ना, तो हाच वायू वर येऊन जळत असतो. ज्योत गेली, निखाऱ्यावर राख धरली, की आपल्याला वाटतं आग शांत झाली. पण वायू तेव्हाही निघत असतो, फक्त न जळता तसाच हवेत मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. लाकडाच्या धुराने माणूस खोकत बाहेर तरी येतो. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो घरात न्यावासा वाटतो, आणि नेमका तिथेच घात होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग चक्कर, मळमळ, हातापायांतलं बळ जाणं. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, तो जागा होत नाही. म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान मूल आणि हृदयाचा आजार असलेला माणूस यांना त्याचा त्रास लवकर होतो.

तुम्ही म्हणाल, पूर्वी बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असायचीच की. असायची. पण खानापूर, जांबोटीकडची ती घरं कौलारू होती, कौलांच्या फटींतून आणि उघड्या आढ्यातून हवा सतत खेळायची. तरीही ते धोक्याचंच होतं. आताच्या खोलीला वर स्लॅब, खिडकीला सरकत्या काचा आणि पावसामुळे दार लावलेलं. एक खिडकी चार बोटं उघडी ठेवल्याने हा वायू निघून जात नाही. तो साधारण हवेइतकाच जड असल्याने वरही जात नाही, खालीही बसत नाही, खोलीभर पसरून राहतो.

सासूबाईंसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी वापरा. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल इतकंच. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून झोपायच्या आधी अर्धा तास अंथरुणात ठेवा आणि त्या आडव्या झाल्या की काढून घ्या. या वयात कातडी पातळ असते, रात्रभर एका जागी राहिलेली कोमट पिशवीसुद्धा भाजते. पायात लोकरीचे मोजे, डोक्याला रुमाल. हीटर घ्यायचा असेल तर तेल भरलेला, रेडिएटरसारखा विजेचा हीटर घ्या.

शेकोटी, शेगडी किंवा बार्बेक्यूपाशी बसल्यावर एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, तर ते जागरणाने किंवा पित्ताने झालं असं समजू नका. आधी सगळे उघड्यावर या, मग १०८ किंवा ११२ ला फोन करा. कन्नडमध्ये पत्ता आणि जवळची खूण चटकन सांगू शकेल अशा माणसाने फोन करावा. डॉक्टरांना ‘कोळशाचे निखारे होते’ हे आवर्जून सांगा. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कोरोनानंतर तो घरोघरी आहे, पण त्याला प्राणवायू बसलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. माणूस विषबाधेने ग्लानीत असताना तो ९८ दाखवू शकतो.

आता शेड. वर पत्रा आणि बाजूंनी ताडपत्री म्हणजे तुम्ही एक खोलीच बांधताय, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू होतं. शिवाय प्लास्टिकची ताडपत्री धगीने मऊ होते, वाऱ्याने आत झुकते आणि पेटली की तिचे जळते थेंब अंगावर पडतात. ते कातडीला चिकटतात, झटकता येत नाहीत. बार्बेक्यू पूर्ण उघड्यावरच हवा. भिंत, पागोळी, वाळत घातलेले कपडे, जळणाचा ढीग या सगळ्यांपासून निदान १० फूट, म्हणजे ३ मीटर लांब. गच्चीवर करायचं मनात आलं तर आधी वर जाऊन बघा. पाण्याची प्लास्टिकची टाकी, सोलरच्या पाइपांवरचं आवरण, पीव्हीसी नळ, डिशची वायर आणि गळती थांबवायला डांबरी शीट घातलं असेल तर तेही, हे सगळं जळणारं आहे. आणि आखाडातला आपल्याकडचा पश्चिमेचा वारा गच्चीवर अंगणापेक्षा जास्त लागतो, ठिणगी शेजारच्या गच्चीवर जाते.

खाली शहाबादी फरशी असेल तर बार्बेक्यूच्या उंच पायांखालीसुद्धा दोन इंच कोरडी वाळू किंवा विटांचा एक थर द्या. धग लागली की फरशीचे पापुद्रे उडतात. चूल रचायची वेळ आली तर नदीतले गोटे किंवा पावसात भिजलेला जांभा वापरू नका. दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटतो. कोरडी लाल वीट चांगली.

मग पाऊस नाहीच थांबला तर? तर त्या दिवशी बार्बेक्यू करू नका, एवढं सरळ उत्तर आहे. आठ माणसांचं चिकन घरात ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर नीट होतं. कोळशाचा वास हवाच असेल तर सुपारीएवढा एकच निखारा करा, वाटीत घालून ती वाटी चिकनच्या भांड्यात ठेवा, निखाऱ्यावर तूप सोडा, भांड्यावर पाच मिनिटं झाकण ठेवा. स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट चालू हवा. निखारा लगेच बाहेर नेऊन पाण्यात टाका.

उघडीप मिळाली असं धरून पुढचं सांगतो.

सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के अल्कोहोल असतं आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पेटलेलं दिसत नाही म्हणून माणूस पुन्हा ओततो. पेट्रोल-रॉकेलचंही तसंच. पहिल्यांदा ओतलं तेव्हा कोळसा गार असतो. दुसऱ्यांदा ओततो तेव्हा आत कुठेतरी धग असते. त्या धगीवर तेलाची पांढरी वाफ होते, ती एकदम पेटते आणि ज्योत धारेवरून उलट बाटलीकडे धावते. यात भाजतात ते तोंड, मान आणि बाटली धरलेला हात. मुलाला एवढं नक्की समजावून सांगा.

कोळसा न पेटण्याचं कारण बहुतेक वेळा तो दमट असणं हेच असतं. आखाडात पोतं उघडं राहिलं की कोळसा ओल धरतो. चार दिवस आधी आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लाकडीच कोळसा घ्या. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असतं, त्यावर अन्न भाजायचं नाही. प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेली फळकुटं, चंदगडकडच्या कारखान्यांतून मिळणारी काजूची टरफलं, यातलं काहीही आगीत घालू नका. टरफलांतलं तेल कातडी सोलतं, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला पोळतो. कुंपणाला कण्हेर असेल तर तिची काडी चिकन ओवायलाही वापरू नका आणि जाळूही नका, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

पेटवायला डबा करा. पाच किलोचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, धुऊन वाळवा, वरचं झाकण आणि तळ कापून काढा. खालच्या कडेपासून तीन इंचांवर आडव्या चार-पाच लोखंडी सळ्या घाला आणि त्यांच्या खाली चहूबाजूंनी बोटभर रुंदीची दहा-बारा भोकं पाडा. पहिल्यांदा रिकामा डबाच बाहेर जाळून घ्या म्हणजे वरचा रंग जळून जाईल. मग तो विटांवर ठेवा, खाली वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगळून, वर नारळाची सुकी शेंडी आणि कापराच्या दोन वड्या. सळ्यांवर कोळसा भरा. खालून पेटवा आणि हात लावू नका. हवा भोकांतून आत शिरून वर ओढली जाते, १५ ते २० मिनिटांत सगळ्यात वरच्या तुकड्यांवर राखाडी थर दिसतो. तेव्हा जाड चामडी हातमोजे घालून कोळसा बार्बेक्यूत ओता. दीड-दोन किलो चिकनला साधारण दोन किलो कोळसा पुरतो.

खुराड्याची जाळी नको. तिला जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि धगधगता निखारा त्याच्या बराच वर असतो. तापलेल्या जस्ताची वाफ नाकातोंडात गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. धग कमी ठेवली तरी मसाल्यातल्या दही-लिंबाच्या आंबटात जस्त विरघळतं आणि पोट बिघडतं. जुन्या फ्रिजची जाळीही नको, तिच्यावर प्लास्टिकचा किंवा दुसऱ्या धातूचा थर असतो. तुम्ही अनगोळला राहता, उद्यमबाग तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या ६ मिलिमीटर सळ्यांची, मध्ये एक सेंटिमीटर फट ठेवून जाळी करून घ्या. एकदा पैसे जातील, पण ती जाळी वर्षानुवर्षं टिकेल. आणि ती तारेच्या ब्रशने घासू नका. ब्रशची तार तुटून जाळीला चिकटते, घासातून पोटात जाते. जाळी गरम असताना अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून तिच्यावर घासा, करपलेलं सुटतं.

चिकन बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं याची कारणं तीन. ते फ्रिजरमधून काढून पुरतं न सुटताच जाळीवर जातं, कोळसा सगळीकडे सारखा पसरलेला असतो, आणि घाई असते. गोठलेलं चिकन आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, ओट्यावर नको. कोळसा बार्बेक्यूच्या अर्ध्या भागातच लोटा, अर्धा भाग रिकामा ठेवा. तळहात जाळीच्या वर पाच इंचांवर धरून बघा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर धग फार आहे, चार-पाच सेकंद धरवला तर भाजायला बरोबर. तंगड्या आधी रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावा, २५ ते ३० मिनिटं. मग शेवटची पाच मिनिटं निखाऱ्यांवर घेऊन रंग आणा. बिनहाडाचे इंचभर तुकडे दहा-बारा मिनिटांत होतात.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. हळद-तिखटाच्या मसाल्यात रंग कळतच नाही. टोचायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. चिकन ७४ अंश, मटणाच्या खिम्याचे सीख कबाब ७१ अंश, मासा ६३ अंश. थर्मामीटर बरोबर आहे का ते बघायला बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात ९७ ते ९८ यायला हवं. शंभर नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, इथे पाणी शंभरच्या आधीच उकळतं. शंभर येत नाही म्हणून चांगला थर्मामीटर परत करू नका.

मसाला लावलेलं चिकन सकाळपासून ओट्यावर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. मीठ, लिंबू, दही यांनी जंतू मरत नाहीत. चिकन झाकून फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर दोन तासांच्या आत जाळीवर. पावसात वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर ते चिकन टाकून द्या. हळहळ वाटेल, पण आठ जणांच्या जुलाबापेक्षा बरं. भाजताना वरून लावायचा मसाला कच्चं चिकन बुडवण्याआधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा. कच्च्याचं ताट आणि शिजलेल्याचं ताट वेगळं, चिमटेही दोन. कच्चं चिकन ज्या परातीतून नेलं त्याच परातीत भाजलेलं परत आणणं, ही अशा जेवणांतली सगळ्यात नेहमीची चूक.

भाजताना जवळ एक बादली कोरडी वाळू, एक बादली पाणी आणि भिजवलेलं गोणपाट ठेवा. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या तर पाणी मारू नका. तापलेल्या तेलावर पाणी पडलं की ते उसळतं, आणि वाफेबरोबर गरम राख तोंडावर येते. चिकन रिकाम्या बाजूला सारा, झाकण लावा, हवेची भोकं बंद करा. आग हवेवाचून बसते. तरी नाही बसली तर वाळू. जाळीपाशी एकच माणूस, सुती कपड्यांत, पदर किंवा ओढणी खोचून. नायलॉन पेटत नाही तोच वितळून अंगाला चिकटतं. त्या माणसाने त्या संध्याकाळी दारूला हात लावायचा नाही, हे जावयांना तुम्ही नाही तर लेकीने आधीच सांगून ठेवावं. मुलांसाठी बार्बेक्यूभोवती तीन फुटांवर खडूने किंवा रांगोळीने रेघ मारा.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. फोड तळहाताहून मोठा असेल किंवा तोंड, हात, सांधा भाजला असेल तर थेट दवाखाना. कपडे पेटले तर पळायचं नाही. आडवं पडून लोळायचं आणि इतरांनी ते भिजलेलं गोणपाट टाकायचं.

राहता राहिला कोळसा वाया जाण्याचा प्रश्न. तो वाया जात नाही. जेवणं झाली की झाकण लावा आणि वरची-खालची सगळी भोकं बंद करा. हवा तुटली की निखारा गुदमरून विझतो आणि अर्धामुर्धा जळलेला कोळसा शिल्लक राहतो. तो पुढच्या वेळी नव्या कोळशात मिसळून वापरता येतो, उलट लवकर पेटतो. फक्त घाई नको. राखेखालचा निखारा २४ तास, कधी त्याहून जास्त, जिवंत राहतो. बार्बेक्यू रात्री शेडमध्ये किंवा व्हरांड्यात सरकवू नका, उघड्यावरच राहू द्या. पाऊस येईल म्हणून भीती नको, झाकण आहे. राख काढायची ती दोन दिवसांनी, लोखंडी घमेल्यात, प्लास्टिकच्या टोपल्यात नाही. घंटागाडीत टाकायची तर आधी पाण्यात कालवून. गावाकडे उकिरड्यावर टाकत असाल तर उन्हाळ्यात फार जपा. चिकोडी, संकेश्वर, निपाणीच्या पट्ट्यात उसाचं पाचट आणि कडब्याच्या गंज्या जवळच असतात, आणि वाऱ्याने राख उडाली की खालचा निखारा पुन्हा फुलतो.

झाकण लावण्याआधीच्या धगीचा एक चांगला उपयोग आहे. बाजारात रताळी मिळाली तर मुठीएवढी सहा-सात आणा. धुऊन, न सोलता, निखाऱ्यांच्या कडेच्या गरम राखेत पुरा आणि मध्ये एकदा उलटा. ४० ते ५० मिनिटं लागतील. तेवढा वेळ कुणीतरी मोठं माणूस तिथे बसून राहील, मुलंही लांबून बघतील. सुरी आरपार गेली की झालं. एक रताळं मोडून, वाफ जाऊ देऊन, वर थोडं तूप घालून सासूबाईंच्या खोलीत द्या.